ताटातले पाच मुळे

॥ जय सद्गुरू ॥



डिसेंबरच्या शेवटी आपल्या सगळ्या ग्रुपवर एक फोटो फिरला, तो बहुतेकांनी पाहिला असेल. बेळगाव केंद्राच्या बालवर्गातली चौदा मुलं, मधल्याच्या हातात ढाल, मागं कृषी प्रदर्शनाचा मांडव आणि पुढं टेबलावर भाजीचं ताट. मेथीच्या दोन जुड्या, तीन नवलकोल आणि पाच पांढरेशुभ्र, सरळसोट, एका मापाचे मुळे. शालेय गटात पहिला क्रमांक. इंदूर, बडोदा, हैदराबाद, म्हापसा, सगळीकडून फुलं आणि हात जोडलेली चित्रं आली. ग्वाल्हेरच्या एका आजींनी मुलांसाठी आवाजात निरोप पाठवला. तो आम्ही मुलांना दोनदा ऐकवला.

त्या ताटातले मुळे मुलांनी पिकवलेले नव्हते. त्या दिवशी पहाटे आम्ही ते बाजारातून विकत आणले होते.

हे पत्रिकेत लिहावं का, यावर दोन गुरुवार आरतीनंतर बोलणं झालं. मुलांची नाचक्की होईल, असं काहींचं म्हणणं. पण मुळे विकत आणले आम्ही, मग नाचक्की त्यांची कशी? केंद्राचं नाव खराब होईल, हे दुसरं म्हणणं. त्यावर कुणी फारसं बोललं नाही, कारण खरी भीती तीच होती. शेवटी असं ठरलं की ज्यांनी अभिनंदन केलं, त्यांना ते कशाचं केलं हे कळायला हवं. म्हणून हा लेख. 'आम्ही' म्हणजे बालवर्गाची सेवा करणारी आठ जणं. मुळे आणायची कल्पना कुणाची, ते लिहीत नाही. बाकी सातांनी मान डोलावली होती.

केंद्राच्या मागं एक पडकं घर होतं. ते उतरवल्यावर अर्ध्या गुंठ्याची जागा मोकळी झाली. अर्धा गुंठा म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फूट, काही फार नाही. दिवाळी झाल्यावर मुलांना म्हटलं, चला, परसबाग करू. चौदा मुलं, चौदा वाफे, प्रत्येकी सहा फूट बाय चार. पहिले दोन रविवार नुसती साफसफाई चालली. तांबडी माती, आणि तीत जुन्या घराची कौलं, विटांचे तुकडे, चुन्याचे खडे. मुलं घमेली भरभरून बाहेर टाकत होती. सहावीतली एक मुलगी आहे, तिच्या वाफ्यात वीतभर खाली गेलं तरी कौलंच लागायची. ती म्हणाली, "काकू, खाली अजून लई कौलं हायत. आणि खणूया की." आम्हांला प्रदर्शनाची तारीख दिसत होती. मुळा काढायला यायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, आता पेरलं नाही तर गाठणार कसं? आम्ही म्हणालो, "असू दे गं बाळ, वर शेणखत घालू. मुळा काय, येतो कसाही."

हे वाक्य आम्हांला नंतर पुष्कळ आठवलं.

मुळा आला, तो खरंच कसाही आला. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मुलांनी मुळे उपटले. चाळीसेक निघाले असतील, पण दोन एकसारखे नव्हते. कुणाला दोन फाटे, कुणाला तीन, एक तर कोपरात वाकल्यासारखा आडवा वाढलेला. त्या मुलीच्या वाफ्यातून एक निघाला, त्याला खाली दोन जाडजूड पाय आणि वर बाजूला दोन छोटे हात, जणू कमरेवर हात ठेवून कुणी उभा आहे. मुलं हसून हसून खाली बसली. त्याचं नाव लगेच 'पैलवान' पडलं. नळाखाली त्याला आंघोळ घातली गेली. उद्याच्या ताटात पैलवान मधोमध ठेवायचा, असं मुलांनी ठरवून टाकलं आणि ती घरी गेली.

आम्ही मागं राहिलो. हातात प्रदर्शनाचा कागद होता. परीक्षण कशावर, तर आकार, एकसारखेपणा, ताजेपणा, कीड नसणे. आम्ही मुळ्यांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं.

बेळगावात मुळ्याला काय तोटा! कडोली, कंग्राळी, सगळी भाजीची गावं जवळ. इथली भाजी रोज गोव्याला जाते. पहाटे गेलं की जुड्याच जुड्या. तीस रुपयांत काम झालं. मेथी मुलांचीच होती, नवलकोलही त्यांचेच होते आणि चांगले होते, एवढं हिशेबाला लिहून ठेवतो.

मुलं मांडवात आली तेव्हा ताट मांडून तयार होतं. मुलांनी ताटाकडे बघितलं, मग आमच्याकडे. आम्ही म्हणालो, "रांगेत उभे राहा, पाहुणे येतायत." बक्षीस देताना पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "एवढे सरळ मुळे कुणी लावले रे?" क्षणभर कुणीच बोललं नाही. मग पाचवीतला एक मुलगा आमच्याकडे बघत म्हणाला, "आम्ही." टाळ्या झाल्या. फोटो निघाला. तुमच्याकडे तो अजून असेल तर उघडून बघा, डावीकडून तिसरी मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. ती टेबलाकडे बघतेय.

परत येताना टेम्पोत तिनं विचारलं, "काका, आमचा पैलवान कुठं हाय?" तो आमच्यापैकी एकाच्या स्कूटरच्या डिकीत होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, बाकीच्या मुळ्यांबरोबर. केंद्रात आल्यावर काढून दिला. दिवसभराच्या उन्हानं मऊ पडला होता. तिनं तो हातात घेतला, दाबून बघितला, म्हणाली, "सुकला की." आणि घेऊन गेली.

झालं ते एवढंच. ना कुणाचं नुकसान दिसत होतं, ना कुणी तक्रार केली. तरी त्या रात्री आमच्यातल्या बहुतेकांना झोप नीट लागली नाही, हे दुसऱ्या दिवशी एकेकानं सांगितलं तेव्हा कळलं.

पहिली समजूत आम्ही अशी घातली की हे मुलांच्या आनंदासाठी केलं. ती फार वेळ टिकली नाही. मुलांना आनंद आदल्या संध्याकाळीच झाला होता, नळापाशी, बक्षिसाचा पत्ता नसताना. आमच्या मनात घोळत होता तो फोटो, आणि फोटोखाली येणारे निरोप. केंद्राचं नाव होईल, सद्गुरूंच्या कानावर जाईल. आता बघा, त्यांच्या नावानं आपण काय काय करतो! पण तेही असो.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. दर रविवारी आम्ही मुलांना सांगतो, कर्म करा, फळाकडे बघू नका. वाफ्यांना पाणी घालतानाही सांगितलं. सावता महाराजांची गोष्ट सांगितली. सोलापूर जिल्ह्यातलं अरण, तिथला मळा, पंढरी जवळ असूनही ते मळ्यातच रमले, ते सगळं. आणि ऐन वेळी आम्ही फळाखेरीज कशाकडेच बघितलं नाही. ढोंग म्हणायचं तर म्हणा.

पण गुरुवारच्या बैठकीत हे बोलणं चाललं असताना आमच्या एका अण्णांनी वेगळंच काढलं. अण्णा कडोलीकडचे, चार एकर भाजी करतात, बोलतात कमी. आमच्यातल्या एक ताई म्हणत होत्या की यापुढं बक्षीस-बिक्षीस नकोच, मुलांच्या कष्टाचं कौतुक करायचं, फळ कसंही येवो. अण्णा म्हणाले, "ताई, कष्टाला बाजारात कोण विचारतंय? फाटका मुळा दलाल बाजूला काढतो. मी रात्रभर पाणी पाजलं म्हणून तो घेत न्हाई. पोरास्नी खोटं सांगू नका."

ताई म्हणाल्या, "मग आम्ही केलं ते बरोबर म्हणायचं का?"

"बरोबर कुठलं! मी दुसऱ्याच्या रानातला मुळा आणून माझा म्हणून दाखवीन, त्यात माझा काय फायदा? पुढच्या साली मला माझ्याच रानात पेरायचं हाय. माझा मुळा का फाटला, ते मला कळायला नको?"

आणि मग त्यांनी समजावून सांगितलं. मुळा सरळ खाली जात असतो. त्याचं टोक नाजूक असतं. खाली दगड, कौल, कडक थर लागला आणि ते टोक मोडलं की मुळा थांबत नाही, बाजूनं वाट काढतो आणि तेच फाटे पोसतात. न कुजलेलं शेणखत घातलं तरी तसंच होतं. म्हणजे आपण दोन्ही केलं होतं. तो पैलवान जमिनीत काय काय आहे ते सांगत होता. इथं कौल आहे, तिथं खडा आहे, खत कच्चं आहे. त्या मुलीनं पेरायच्या आधीच जे सांगितलं होतं, तेच मुळ्यानं पंचेचाळीस दिवसांनी सांगितलं. आम्ही तिचंही ऐकलं नाही आणि त्याचंही. गुंडाळून डिकीत टाकलं.

तेव्हापासून आम्हांला वाटू लागलंय की फळाची आशा धरू नका आणि फळाकडे बघू नका, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण साधक मंडळी त्यांची गल्लत करतो. आशा धरू नये, म्हणजे फळ मनासारखं आलं नाही म्हणून कोसळू नये, आलं म्हणून फुगू नये. पण बघायचं नाही? बघितल्याशिवाय बागकाम होतं कसं? पान पिवळं का पडलं, नवलकोल का तडकला, शेंडा का मान टाकतोय, माळी दिवसभर हेच तर बघत असतो. सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला, तो भाजीकडे पाठ करून दिसला नसेल. ज्याला फळाचा मोह असतो तोच फळाकडे नीट बघू शकत नाही. त्याला फळाच्या जागी ढाल दिसते. आम्हांला दिसली.

'कौतुक' हा शब्दच बघा. आज आपण तो शाबासकीसाठी वापरतो. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल, नवल. जुन्या मराठीतही तो त्या अर्थानं येतो. म्हणजे कौतुक करायचं तर आधी नवल वाटायला हवं, आणि नवल वाटलं की माणूस विचारतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा मेळा भरतो तेव्हा अण्णा न चुकता जातात. पहिला नंबर कुणाचा ते त्यांना कधी माहीत नसतं. एखादं वांगं आवडलं की उभे राहतात, हातात घेतात, विचारतात, "माती कसली? लागण कधीची? पाणी किती दिवसांनी?" समोरचा शेतकरी फुलून सांगत राहतो. हेच ते कौतुक. प्रदर्शन असतंच त्यासाठी. आमच्या मुलांना मांडवात एकानंही असं काही विचारलं नाही, आणि आम्ही ताट असं मांडलं होतं की विचारलं असतं तरी त्यांना उत्तर देता आलं नसतं.

आपल्या परिवारातलं एक कुटुंब अमेरिकेत असतं. फोटो पाहून त्यांनी फोन केला होता, मागाहून आम्ही त्यांना खरं सांगितलं. त्यांची मुलं तिथल्या 'फोर-एच' नावाच्या मुलांच्या मंडळात जातात. ही चळवळ जुनी आहे, १९०२ साली ओहायो राज्यात एका शिक्षकानं सुरू केलेल्या शेतकी क्लबपासून तिची सुरुवात मानतात. गावोगावच्या जत्रांत मुलं आपली भाजी, कोंबड्या, वासरं घेऊन येतात. पुष्कळ ठिकाणी तिथं परीक्षणाची एक रीत आहे, तिला 'डॅनिश' पद्धत म्हणतात. मुलांची एकमेकांशी तुलना करायची नाही. चांगल्या मुळ्याचं एक माप ठरलेलं असतं, त्याच्याशी प्रत्येकाचा मुळा ताडून बघायचा. उत्तम असेल त्याला निळी फीत, बरा असेल त्याला लाल, अजून पुष्कळ सुधारायला हवं त्याला पांढरी. सगळ्यांना निळी मिळू शकते, एकालाही न मिळू शकते. कित्येकदा परीक्षक मुलाशेजारी बसून बोलतो. काय केलंस, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय वेगळं करशील.

आमच्या पैलवानाला तिथं पांढरीच फीत मिळाली असती. अण्णांचंही तेच म्हणणं, फाटका मुळा तो फाटकाच. पण शेजारी बसलेल्या माणसाला ती मुलगी कौलांची सगळी हकिगत सांगू शकली असती, आणि आम्हांला ठाऊक आहे, ती तासभर बोलली असती.

बक्षीस मुळात वाईट की काय, यावरही आमच्यात दोन तट आहेत आणि ते मिटलेले नाहीत. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका दोन प्रयोगांची माहिती घेऊन आल्या. पहिला १९७३ सालचा, मार्क लेपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा. बालवाडीतली, चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्र मिळेल, आणि ते दिलं. काहींना न सांगता अचानक दिलं. काहींना काहीच नाही. आठ-पंधरा दिवसांनी मुलं आपल्या मर्जीनं खेळत असताना पाहिलं, तर आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर मात्र तसा परिणाम झाला नाही. दुसरा प्रयोग १९९८ चा, क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा. पाचवीच्या वयाच्या मुलांनी कोडी सोडवली. काहींना म्हटलं, किती हुशार आहेस. काहींना म्हटलं, किती कष्ट घेतलेस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळीच मुलं अडखळली. नंतर त्यांना आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला लिहून कळवायला सांगितले. हुशार म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ चौघांनी गुण वाढवून लिहिले. कष्टाचं कौतुक झालेल्यांत असं करणारे दहात एक-दोनच होते.

बाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा आम्हांला तो पाचवीतला मुलगा आठवला. त्याला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. मांडलेल्या ताटाला शोभेल असं उत्तर त्यानं दिलं, आमच्याकडे बघून दिलं. मुलं अशीच खोटं शिकत असावीत. मोठ्यांनी आधी मांडून ठेवलेलं असतं, त्यांना फक्त 'आम्ही' म्हणायचं उरतं.

मग एका रविवारी आम्ही मुलांसमोर बसलो आणि सांगितलं. मुळे विकत आणले होते, चूक आमची, तुमची नाही. मोठं भाषण तयार केलं होतं, ते लागलंच नाही. त्या मुलीला आधीच ठाऊक होतं, तिनं आपल्या आईलाही सांगितलं होतं. दोघं-तिघं म्हणाले, "पण मेथी आमचीच होती की." एक छोटी रडायला लागली, तिला वाटलं ढाल पोलीस घेऊन जातील. 'आम्ही' म्हणालेला तो मुलगा बराच वेळ खाली बघत होता. मग त्यानं विचारलं, "मग दुसरा नंबर कुणाचा आलता?"

आम्हांला माहीत नव्हतं. दोन गुरुवार आम्ही आपल्या मनाची शुद्धी, मुलांचे संस्कार, केंद्राचं नाव यावर बोललो होतो. ज्यांची ढाल आम्ही उचलून आणली ती मुलं कोण, हे आठांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कुणाचं नुकसान झालं नाही, असं वर लिहिलं आहे ना? ते आम्हांला तसं दिसत होतं म्हणून लिहिलं. दिसण्यासाठी मान तिकडं वळवावी लागते.

चौकशी केली. जवळच्याच एका खेड्यातली कन्नड माध्यमाची सरकारी शाळा. आयोजकांकडे ढाल घेऊन गेलो, तर ते म्हणाले, "राहू द्या हो, कोण एवढं बघतंय." शेवटी त्यांच्या परवानगीनं ढाल आम्हीच त्या शाळेत नेऊन द्यायची ठरली. आमच्यातले दोघं आणि मुलांपैकी चौघं गेले. ती मुलगी आणि तो मुलगा त्यांत होतेच. आपल्या भागात मराठी-कन्नड म्हटलं की काय काय मनात येतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. वर्गात शिरताना आमचे पाय जड होते ते काही सगळे मुळ्यांमुळे नव्हते.

तिथल्या बाई चकित झाल्या. आम्ही सांगितलं ते त्यांनी मुलांना कन्नडातून सांगितलं. मुलं आमच्याकडे बघून हसली, आणि खरं सांगायचं तर ढालीचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. प्रदर्शनातला उसाचा रस मात्र सगळ्यांना आठवत होता. मग बाई म्हणाल्या, चला, बाग बघा.

शाळेमागं त्यांची बाग. २०१९ साली केंद्र सरकारनं शाळांत पोषणबागा करायच्या सूचना काढल्या, तशा बागा आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. तुमच्या गावच्या शाळेतही असेल. कुठं नावाला असतात, कुठं खऱ्या. ही खरी होती. तिथली भाजी दुपारच्या सांबारात जाते. आमची मुलं कन्नड शाळेत शिकतातच, थोडं थोडं बोलता येतं. त्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला, "निमगे कल्लु इल्ला?" म्हणजे तुमच्याकडे दगड नाहीत? एका मुलानं तिला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. दगड होते, भरपूर होते. खणून काढायचा नाद त्यांनी सोडून दिला होता. जमिनीच्या वर फूटभर उंच गादीवाफा केला होता, कडेनं तेच दगड रचून, आत चाळलेली माती, वाळू आणि वर्षभर कुजवलेलं शेणखत. त्यात मुळा सुईसारखा खाली जातो. आमची मुलगी वाफ्याच्या कडेला बसली आणि तिनं वितीनं उंची मोजली, दोनदा मोजली. तो मुलगा चाळणीचं काय ते सांगत होता, दोघंही निम्मं मराठी, निम्मं कन्नड. आम्ही दोघं बाजूला उभे होतो. आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

परत येताना त्यांच्या बाईंनी मुलांना एकेक सरळ मुळा दिला. त्या मुलानं टेम्पोत बसल्यावर तो आम्हांला दाखवला आणि म्हणाला, "ह्यो त्यांचा हाय. आमचा न्हाई." आम्ही म्हणालो, "बरोबर."

पैलवानाचं काय झालं, हे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी. त्या दिवशी संध्याकाळीच मुलीनं त्याचे पाय कापून कोशिंबिरीला आईकडे दिले आणि वरचं डोकं पाल्यासकट आपल्या वाफ्यात परत लावलं. ही युक्ती तिला तिच्या आजोबांनी सांगितली. आठवडाभर मेल्यासारखा पडून होता, मग सावरला. आता त्याला दांडा आलाय, कळ्या धरल्यात. डिंगऱ्या येतील, त्यांतल्या काही भाजीला आणि काही वाळवून बियाण्याला. लहान मुलांना काळजी पडली होती की ह्याच्या बियांनाही पाय फुटणार का. अण्णांनी सांगितलं, न्हाई, पाय बियाण्यात नसतात.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला केंद्रामागं गादीवाफे करायचे आहेत. दगड आहेतच. चाळायची मोठी जाळी हवी आहे, बांधकामावर वाळू चाळतात तसली. बेळगावातल्या साधकांपैकी कुणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी द्यावी. शेणखत जुनं, कुजलेलंच आणावं. लहानांनी टोपी घालून यावं. त्या शाळेतली पाच-सहा मुलं आणि बाई येणार आहेत, त्यामुळे पोहे थोडे जास्त करावे लागतील, ज्या ताईंना जमेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.

॥ जय सद्गुरू ॥